परसातला आड आणि १८८२ चा कायदा

विदर्भात जुन्या घरांच्या परसात आड असायचाच, असं सर्रास सांगतात. ते अर्धंच खरं. आड असायचा तो वाड्याला, मालगुजाराच्या (गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराच्या) किंवा पाटलाच्या घराला. बाकी गाव सार्वजनिक विहिरीवर, आणि तिथेही सगळ्यांना जागा नव्हती. पुढे राज्यघटनेनं सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या, पण परसातला आड खासगीच राहिला.

हा खासगीपणा कायद्यातही होता. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम, म्हणजे शेजाऱ्याच्या जमिनीवरच्या वाट-पाण्यासारख्या हक्कांचा कायदा, सुरुवातीला मद्रास, कुर्ग आणि मध्य प्रांत एवढ्याच मुलखांना लागू झाला. म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा इथे तो पहिल्या दिवसापासून होता. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या नावावर, म्हणून बाहेर. त्या कायद्यातली एक गोष्ट आजही गावोगाव ऐकू येते, फक्त कलमाच्या भाषेत नाही: माझ्या वावराखालचं पाणी माझं. जमिनीखाली ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारं पाणी जमीनमालकानं हवं तेवढं काढावं. शेजाऱ्याची विहीर आटली तर ते त्याचं नशीब.

मोट होती तोवर या हक्काचा फारसा त्रास नव्हता, कारण बैल थकायचे. विजेचा पंप थकत नाही.

पाणी राखायचा एक सरकारी प्रयत्न मात्र उपशाविरुद्ध नव्हता, पायांविरुद्ध होता. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरत, नारूचा (अंगातून लांब जंत बाहेर पडणारा रोग) रोगी पाण्यात पाय बुडवी, त्यातून सूक्ष्म किड्यांमार्फत रोग पुढच्याच्या पोटात जाई. उपाय साधा होता: पायऱ्या बंद करा, कठडा बांधा, पाणी गाळून प्या. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला. वाड्यातल्या आडाला पायऱ्या नसतात, रहाटाला पोहरा लावून पाणी शेंदतात. त्याला कठडाही आधीपासूनच होता.

१९७२ च्या दुष्काळानंतर बोअरची गाडी गावात आली आणि हापशी उभी राहिली. पश्चिम विदर्भाखाली काळा पाषाण आहे. वर मुरूम, खाली भेगांचे थर, पाणी त्या भेगांतच. बोअरचा केसिंग पाइप (भोक ढासळू नये म्हणून आत बसवलेली नळी) बहुधा मुरुमापुरता घालतात, त्यामुळे खालचे थर उपसले की वरच्या थरातलं पाणी त्याच भोकातून खाली उतरतं. आड वरच्या थरावर जगतो. वरुड-मोर्शीत संत्रा जगवण्यासाठी आठशे-हजार फुटांचे बोअर झाले, तेव्हा उथळ विहिरी आधी कोरड्या पडल्या. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर खोल जाऊनही बहुधा खारंच लागतं.

१९९३ च्या राज्य कायद्यानं पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको म्हटलं. गंमत अशी की गावठाणातलं जवळपास प्रत्येक घर त्या ५०० मीटरमध्येच बसतं. नंतरचा कायदा २००९ चा, अंमलात आला २०१४ मध्ये. ६० मीटरपेक्षा खोल ती खोल विहीर, विहिरींची नोंदणी करा, भूजल दूषित करू नका, असं त्यात आहे. घरचा आड नोंदवायला कोण जातं, हा प्रश्न वेगळा.

दरम्यान नळ आला आणि आडाचा मान गेला. रहाट भंगारात, तोंडावर फरशी, किंवा आत निर्माल्य आणि केरकचरा. वापर थांबला तरी आड जमिनीखालच्या पाण्याशी जोडलेलाच असतो. त्यात टाकलेली घाण मुरुमातून गाळली न जाता थेट पाण्यात जाते आणि भेगांतून शेजारच्या बोअरला गाठते. संडासाचा खड्डा जवळ असला आणि पावसाळ्यात पाण्याची पातळी वर आली, तर घाण मुद्दाम टाकावीही लागत नाही. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं की जंतू मरतात. घाणीतून आलेलं नायट्रेट मात्र तसंच राहतं, उकळूनही जात नाही. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि तान्ह्या बाळाला ते सगळ्यात आधी बाधतं.