वास हवेत नसतो, भिंतीत असतो

घर पाहायला गेलात तेव्हा सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. किल्ली हातात आली, सामान लागलं, रात्री दारं-खिडक्या लावून झोपलात. दुसऱ्या दिवशी कामावरून परतून दार उघडलं आणि उंबऱ्यातच आधीच्या बिऱ्हाडाची गाठ पडली. माणसं गेली होती, वास राहिला होता.

अशा वेळी बहुतेकजण सुगंधी फवारा आणतात. तो मारला की दोन वास होतात, एवढंच.

वास जर नुसता हवेत असता, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या तासभर उघड्या ठेवून काम झालं असतं. पण गिलावा, रंग, पडदे, गादी, प्लायवूड या सगळ्यांनी वर्षानुवर्षं वासाचे रेणू पकडून ठेवलेले असतात. हवा स्वच्छ झाली की भिंतीतले रेणू हळूहळू बाहेर येतात आणि खोली बंद होताच हवा पुन्हा भरते. खिडकी उघडल्यावर वास जातो आणि लावल्यावर परततो, तो यामुळेच. उष्णतेने रेणू लवकर सुटतात. दमट दिवशी पाण्याचे रेणू त्यांची जागा बळकावून त्यांना बाहेर ढकलतात, म्हणून हवा दमट झाली की जुना वास डोकं वर काढतो.

तेव्हा पहिलं काम साफसफाईचं नाही, शोधाचं आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही असतात. या ग्राहींची जनुकं शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना 2004 मध्ये नोबेल मिळालं. पण एकच वास सतत येत राहिला की काही मिनिटांत नाक त्याची दखल घेणंच सोडून देतं. म्हणून घर दिवसभर बंद ठेवा, बाहेर मोकळ्या हवेत फिरून या आणि आत शिरल्यावर पहिल्या मिनिटात जे कळेल ते खरं माना. कोपऱ्यात, कपाटात, सिंकखाली, अगदी जमिनीलगत नाक नेऊन हुंगा. दिसायला विचित्र दिसतं, पण उपाय नाही.

कुजलेल्या अंड्यासारखा वास न्हाणीघरातून येत असेल, तर नशीब चांगलं आहे. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम साठून राहतं आणि गटारातला वायू अडवतं. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी शौचालयाच्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं, त्यामागेही हीच कल्पना होती. घर महिनोन्‌महिने रिकामं राहिलं की हे पाणी वाळून जातं आणि हायड्रोजन सल्फाइड सरळ घरात येतो. एक बादली पाणी ओता, संपलं. कमी वापराच्या न्हाणीत वरून चमचाभर खाद्यतेल सोडलं तर पाणी सावकाश उडतं.

सिगारेटचा वास मात्र चिवट. 2011 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी धूम्रपान करणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. ती सरासरी दोन महिने रिकामी होती, नव्या भाडेकरूंसाठी तयारही केलेली होती, तरी त्यांच्या हवेत, धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटिन सापडलं. प्रश्न नुसत्या वासाचा नाही. भिंतीवरचं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसअमाइन तयार करतं, हे 2010 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं गेलं आणि नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतूनही घरात येतं.

इथे शालेय रसायनशास्त्र उपयोगी पडतं. निकोटिन अल्कधर्मी आहे. पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने भिंत पुसली की आम्लामुळे त्याचा क्षार बनतो आणि तो पाण्यात सहज विरघळून फडक्यात उतरतो. फडकं पिवळं पडलेलं पाहून अंगावर काटा येतो. धुराच्या डांबरासारख्या थरासाठी नंतर साबणाचं पाणी लागतंच. संगमरवर आणि चुन्याची भिंत व्हिनेगरपासून लांब ठेवा, आम्ल त्यांनाही खातं. न धुता वरून रंग लावला तर काही दिवसांत पिवळे डाग नव्या रंगातून वर येतात आणि पाठोपाठ वासही. आधी धुणं, मग डाग अडवणारा प्रायमर, मग रंग, हा क्रम सोडू नका. कापडी पडदे धुऊनही वास राहिला तर ते टाकून द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मांजराच्या मुताचा वास साध्या पुसण्याने जात नाही, कारण त्यातलं युरिक आम्ल पाण्यात जेमतेम विरघळतं. स्फटिक फटींत बसून राहतात. ते तोडायला विकरं (एन्झाइम) असलेलं क्लीनर लागतं आणि ते लगेच पुसून न घेता तासन्‌तास ओलं राहू द्यावं लागतं. डाग सापडत नसेल तर अंधारात अतिनील टॉर्च फिरवा, वाळलेलं मूत चमकतं.

कुबट वास म्हणजे बुरशी आणि बुरशी म्हणजे ओल. वरची काळी बुरशी पुसता येते, पण पाइप गळत असेल तर ती पुन्हा येणार. हे काम फडक्याचं नाही, घरमालकाला फोन करण्याचं आहे.

आता सर्वांचा लाडका खाण्याचा सोडा. खवट, घामट अशा आम्लधर्मी वासांवर तो चालतो, पण रेणू त्याच्यापर्यंत पोचले तरच. गादीवर भुरभुरून रात्रभर ठेवला तर उपयोग होतो. खोलीच्या कोपऱ्यातली वाटी मनाचं समाधान करते. सक्रिय कोळसा त्याहून सरस, कारण त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. पण तोही बंद कपाटातच शोभतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केल्यावर जो फेस येतो तो फक्त कार्बन डायऑक्साइड. दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं खारट पाणी.

ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनियाही नको. मुतातून अमोनिया सुटतो, म्हणून मुताच्या जागी ब्लीच ओतणं म्हणजे नकळत तेच. ओझोन सोडणारी यंत्रंही भाड्याने मिळतात. वास मारण्याइतका ओझोन फुप्फुसांनाही सोसत नाही आणि काही वासांशी त्याची अभिक्रिया होऊन फॉर्माल्डिहाइड हा घातक वायू तयार होतो.

नव्या रंगाच्या वासापुढे यातलं काहीच चालत नाही. तिथे खिडकीच खरा उपाय. द्रावकं उडून जाईपर्यंत हवा खेळती ठेवायची. प्लायवूडच्या नव्या कपाटांतून येणारं फॉर्माल्डिहाइड जायला महिने लागतात, म्हणून कपाटांची दारं उघडी टाकायची आणि कपड्यांच्या पेट्या अजून थोडे दिवस बांधलेल्याच ठेवायच्या.