सिल्की कोंबडी: पिसातला हरवलेला आकडा

समाजमाध्यमांवर एक चित्रफीत अधूनमधून डोकं वर काढते. मऊ, केसाळ, पांढरीशुभ्र कोंबडी एका मुलीच्या मांडीवर डोळे मिटून बसलेली असते आणि खाली मजकूर असतो : 'ससा आणि कोंबडी यांचा संकर'. गंमत म्हणजे ही थाप आजची नाही. युरोपात पूर्वी विक्रेते याच नावाखाली या कोंबड्या भोळ्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारत. सशाचा वंश आणि कोंबडीचा वंश एकमेकांपासून फुटले त्याला तीस कोटींहून जास्त वर्षं झाली. तेव्हा डायनोसॉरही अजून यायचे होते. असल्या दोघांचं लग्न लावायला जीवशास्त्राची अजिबात तयारी नाही.

ती कोंबडी असते सिल्की. हा वाण पूर्व आशियातला, बहुधा चीनचा. तेराव्या शतकातल्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनातही मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख आहे. अंगणात हौसेने पाळायच्या कोंबड्यांमध्ये सिल्कीला तोड नाही, असं पाळणारे सांगतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : 'स्वभाव फार प्रेमळ'. स्वभाव शांत आहे, यात वादच नाही. पण त्या शांतपणाचा बराचसा उगम पिसात शोधावा लागतो, असं मला वाटतं.

कुठल्याही साध्या कोंबडीचं पंखाचं पीस हातात घ्या. मधला दांडा, त्याच्या दोन्ही बाजूंना सलग पातं. पातं बोटांनी उलटं ओढलं की त्यात फट पडते. फट पडलेल्या जागेवरून बोटं खालून वर, टोकाच्या दिशेने हलकेच फिरवा. दोन-तीन वेळा फिरवल्यावर फट मिटते, आणि कुठे पडली होती हे शोधूनही सापडत नाही. मला विज्ञानातला यापेक्षा स्वस्त आणि सुंदर प्रयोग ठाऊक नाही.

हे होतं कसं? दांड्याला दोन्हीकडे शाखा फुटतात आणि प्रत्येक शाखेला आणखी बारीक उपशाखा. पिसाच्या टोकाकडे झुकलेल्या उपशाखांना खालच्या अंगाला सूक्ष्म आकडे असतात. बुडाकडे झुकलेल्या उपशाखांना आकडे नसतात, त्यांची कड वळून तिथे पन्हळ तयार झालेली असते. एका शाखेचे आकडे शेजारच्या शाखेच्या पन्हळीत अडकतात. पिशवीवरच्या वेल्क्रोसारखंच हे, फक्त इथे आकडा पन्हळीत पुढे-मागे घसरू शकतो, त्यामुळे पातं फाटण्याऐवजी थोडं ताणलं जातं. ताण फारच वाढला तर आकडे सुटतात. पक्षी चोचीने पीस विंचरतो आणि ते पुन्हा अडकवतो. सूक्ष्मदर्शक नवलाईचा होता त्या काळात, १६६५ साली, इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने पिसातली ही अडकणूक पाहून तिचं वर्णन केलं होतं. अलीकडच्या मोजमापांत आणखी एक मौज कळली. इवल्याशा हमिंगबर्डपासून अवाढव्य कॉन्डोर गिधाडापर्यंत पाहिलं तरी उपशाखांमधलं अंतर ८ ते १६ मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतच राहतं. पक्षी हजारपट मोठा झाला, तरी अंतर तेच. हवा फार झिरपू द्यायची नसेल तर जाळी किती बारीक हवी, हे हवेच्या गुणधर्मांवर ठरतं.

सिल्कीच्या पिसात शाखा आहेत, उपशाखा आहेत, पण आकडे नाहीत. दांडाही नाजूक. अडकायला काही नसल्यामुळे प्रत्येक शाखा सुटी लोंबते आणि आपल्याला केस दिसतात. पंखांची मोठी पिसं बुडाशी थोडीफार सलग असतात, टोकाकडे तीही विस्कटतात. सगळ्याच कोंबड्यांच्या पिल्लांची पहिली लव अशी बिनआकड्यांची असते. इतर वाण ती टाकून देतात आणि पक्कं पीस धरतात. सिल्की मोठी झाली तरी तिच्या अंगावर त्या लवेसारखंच काहीतरी असतं.

आता जरा खोल जाऊ. हा गुण अप्रभावी आहे : आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच पीस रेशमी होतं. बदल नेमका कुठे, ते २०१४ साली प्रसिद्ध झालं. पीडीएसएस२ नावाच्या जनुकात, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याच्या डीएनएची १०३ अक्षरं आधी, 'सी'च्या जागी 'जी' आला आहे. एक अक्षर. ते मजकुराच्या बाहेर आहे, म्हणून प्रथिनाची घडण शाबूत राहते. जनुक किती जोरात चालवायचं हे सांगणारी जागा तेवढी बिघडते, आणि पीस घडत असताना उत्पादन घटतं. हे प्रथिन करतं काय? को-एन्झाइम क्यू१० या रेणूला जी लांब शेपटी असते, ती पाच-पाच कार्बनचे दहा दुवे जोडून तयार करणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) हा एक भाग आहे. (हो, तेच क्यू१०, ज्याच्या नावावर सुरकुत्या घालवणारी क्रीम खपतात.) पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा निर्माण होताना इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेण्याचं काम क्यू१० करतं. उंदरांमध्ये याच जनुकाच्या मजकुरात चूक झाली तर मूत्रपिंडं निकामी होतात. कोंबडीत चूक मजकुराबाहेर पडली म्हणून मूत्रपिंडं वाचली आणि फक्त आकडे गेले. उत्क्रांतीत मोठे बदल जनुकाच्या मजकुरापेक्षा त्याच्या चालू-बंदच्या खटक्यात का सापडतात, हे समजावायला माझ्या मते सिल्कीइतकं गोड उदाहरण दुसरं नाही.

या एका अक्षराचा पाळणाऱ्याशी संबंध असा. सलग पातं नाही म्हणजे हवा अडत नाही, आणि हवा अडत नाही म्हणजे उड्डाण नाही. इतर कोंबड्या निदान फडफडत कुंपणावर चढतात. सिल्कीला तेही जमत नाही, म्हणून तिच्यासाठी फूटभर उंचीची दांडी पुरते. उंच दांडी लावलीत तर ती खाली खुराड्याच्या कोपऱ्यात दाटीवाटीने झोपेल. दुसरं, पाणी. कोंबडीचं अंग भिजत नाही ते शेपटीजवळच्या ग्रंथीतल्या तेलामुळे, असं आपण शाळेत शिकतो. तेल सिल्कीलाही असतं, तरी ती चिंब होते. पाणी बाहेर राहायला पात्याची घट्ट वीण लागते. तेलाचं काम त्या विणीची निगा राखण्याचं. भिजलेली सिल्की, विशेषतः पिल्लू, पटकन गारठतं. छप्पर आणि कोरडं अंथरूण या दोन गोष्टींत हयगय नको. भिजलीच तर पुसून पूर्ण वाळेपर्यंत उबेत ठेवावी.

आणि तिसरा तो 'प्रेमळ स्वभाव'. डोक्यावरची झुबकेदार शेंडी डोळ्यांवर येते. कोंबडीचे डोळे बाजूंना, त्यामुळे एरवी तिला जवळपास चहूकडचं दिसतं. सिल्कीला वरचं आणि बाजूचं नीट दिसत नाही. उडता येत नाही, येणारा दिसत नाही, अशी कोंबडी उधळत नाही, जागच्या जागी दबून बसते. आपण त्याला माया म्हणतो. या वाणाची पिढ्यान्‌पिढ्या शांतपणासाठी निवड झाली असणार, हे मी नाकारत नाही, पण उचलून घेतल्यावर गप्प बसणारी प्रत्येक कोंबडी खूश असते असं समजू नये. शेंडीचे डोळ्यांवर येणारे केस कातरा आणि फरक पाहा : तीच कोंबडी धीट होते, दाणा शोधत लांबवर फिरते आणि आपणहून पायाशी येते. खरी सलगी ती.

ती कमवायची तर सुरुवात पिल्लांपासून. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लाच्या मेंदूवर 'आपलं माणूस कोण' याची छाप पडते, आणि डोकं-मान असा आकार दिसला की पिल्लू उपजतच तिकडे ओढलं जातं. हात कधीही वरून नेऊ नका. वरून झेपावतो तो ससाणा, हे पिल्लाला कुणी शिकवावं लागत नाही. तळवा जमिनीवर उताणा ठेवा, त्यात दाणे, आणि बोलत राहा. शेंडीवाल्या पक्ष्याला तुमचा चेहरा दिसण्याआधी आवाज ओळखू येतो. जड आणि आक्रमक वाणांबरोबर सिल्की ठेवू नयेत. काही सिल्कींच्या कवटीला शेंडीखाली उंचवटा असतो आणि तिथलं हाड पुरतं जुळलेलं नसतं. तिथे बसलेली एक टोच मेंदूपर्यंत जाऊ शकते.

आठवड्यातून एकदा प्रत्येकीला उचलून पिसांत बोटं घाला. वरून गुबगुबीत दिसणारी सिल्की आतून हाडांचा सापळा झालेली असू शकते. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक, हाडाची धार बोटाला टोचली तर काहीतरी बिघडलं आहे. उवा बघायच्या त्या शेंडीच्या मुळाशी आणि शेपटीखाली. पायांवरही पिसं असतात, म्हणून तिथले खवले उचलले गेले आहेत का, हे पिसं बाजूला सारूनच कळतं. पायाला बोटं पाच दिसली तर घाबरू नका. इतर बहुतेक वाणांना चार असतात, हिला पाच.

पिसं बाजूला केली की कातडी दिसते ती निळसर काळी. मांसावरचा पडदा काळा, हाडांवरचं आवरणही काळं. इथून दुसऱ्या थापांचा बाजार सुरू होतो : रक्त काळं, अंडं काळं, खाल्लं की अमुक रोग बरा. रक्त लालच असतं. अंडं फिकट पिवळसर असतं. गर्भावस्थेत रंगपेशींच्या पूर्वजपेशी एरवी कातडीच्या वरच्या थराकडे जातात. सिल्कीत त्या शरीराच्या आतल्या बाजूलाही पसरतात आणि भरमसाट वाढतात, कारण त्यांना वाढीचा संदेश देणाऱ्या ईडीएन३ हे जनुक असलेला तुकडाच गुणसूत्रावर दुप्पट झाला आहे. मध्य प्रदेशातल्या झाबुआचा कडकनाथ आणि इंडोनेशियाचा अयाम सेमानी यांच्यातही नेमकी हीच उलथापालथ सापडते. मेलॅनिन म्हणजे आपल्या केसांत असतं तेच रंगद्रव्य. ते औषध असतं तर न्हाव्याच्या दुकानातला कचरा सोन्याच्या भावाने विकला गेला असता.

सिल्कीकडून अंड्यांची फार आशा धरू नये. वर्षाला शंभर-सव्वाशे मिळाली तरी खूप, कारण ती सारखी खुडूक होते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि कोंबडी बसते ती उठायचं नाव घेत नाही. व्यापारी अंडी देणाऱ्या वाणांतून हा गुण माणसाने निवडून निवडून काढून टाकला. सिल्कीत तो पुरेपूर राहिला. अंडी बदकाची दिलीत तरी ती २१ दिवसांऐवजी २८ दिवस तितक्याच निष्ठेने बसते. पिल्लं नको असतील तर तिला खालून हवा लागेल अशा जाळीच्या, उंचावरच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवतात. पोटाखालची ऊब गेली की संप्रेरक उतरतं. दाणापाणी मात्र समोर हवंच.

रवणीसाठी, म्हणजे अंडी उबवून घ्यायला, अनेक अनुभवी लोक मात्र शुद्ध सिल्की ठेवत नाहीत, सिल्की आणि एखादा साधा वाण यांची संकरित कोंबडी ठेवतात. रेशमी पिसाला दोन प्रती लागतात, हिच्याकडे एकच असते. त्यामुळे पिसाला आकडे येतात, पाऊस अंगावरून ओघळून जातो, अंगही मोठं होतं आणि पोटाखाली अंडी जास्त मावतात. खुडूक होण्याची खोड मात्र सिल्कीकडून आलेलीच असते. 'अर्धी सिल्की' म्हणून कुणी लव झडल्यावरही केसाळ राहिलेलं पिल्लू विकायला आणलं, तर अर्ध्या सिल्कीचं पीस सपाट असतं एवढं विक्रेत्याला ऐकवा. केसाळ पिल्लं दिसतील ती दोन संकरित पक्ष्यांच्या जोडीपासून, पुढच्या पिढीत, सरासरी चारांत एक.