आयपीएतला ‘आय’ कुणाचा?

लोअर परळच्या एका ब्रूपबमध्ये, म्हणजे बिअर जागीच बनवणाऱ्या बारमध्ये, मित्राने पहिल्यांदाच आयपीए नावाची बिअर मागवली. ग्लास नाकाशी नेला आणि खूश झाला, “अरे, पपनस सोलल्यासारखा वास येतोय!” मग मोठा घोट घेतला आणि पाडव्याला कडुनिंबाचं पान चावलेल्या पोरासारखं तोंड केलं. “म्हणे इंडिया पेल एल! आपल्याकडे असलं कडू कोण पीत होतं?”

प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी जवळजवळ कुणीच नाही. पीत होते ते कंपनी सरकारच्या नोकरीत इकडे आलेले साहेब लोक.

बारमध्ये ऐकवली जाणारी गोष्ट अशी: लंडनहून निघालेली बिअर हिंदुस्थानात पोचेपर्यंत नासायची, म्हणून हॉजसन नावाच्या माणसाने तिच्यात हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) आणि अल्कोहोल वाढवलं नि आयपीएचा शोध लागला. गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. काळी पोर्टर बिअर त्याच बोटींतून इथवर धड येत होती, आणि गरम देशात पाठवायच्या बिअरला हॉप्स जास्त लागतात हे ब्रूअर मंडळींना आधीपासून ठाऊक होतं.

जॉर्ज हॉजसनचं खरं भांडवल म्हणजे त्याची जागा. १७५२ च्या सुमारास त्याने पूर्व लंडनमधल्या बो इथे कारखाना काढला. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं नांगर टाकायची ते ब्लॅकवॉल तिथून जवळच. जहाजाच्या कप्तानांना स्वतःचा थोडाफार व्यापार करायची मुभा असे. हॉजसन त्यांना माल उधारीवर द्यायचा, तीही दीड-दीड वर्षाची. अशी उधारी मिळाल्यावर दुसऱ्या दुकानाची पायरी कोण चढतो?

त्याच्याकडे ‘ऑक्टोबर एल’ नावाची फिकट, कडक बिअर होती. इंग्लंडमधले जमीनदार ती तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवत. बोटीवर मात्र वेगळंच घडलं. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणारा चार-सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त, पिंपांना बसणारी ऊब आणि हेलकावे. लोणचं मुरावं तशी ती वाटेतच मुरली आणि मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या धक्क्यांवर तयार होऊन उतरली. ठरवून कुणी केलं नव्हतं, जमून गेलं.

पुढच्या पिढीला हाव सुटली. हॉजसनच्या वारसांनी उधारी आखडली, भाव चढवले आणि कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला घेतला. त्यावर १८२२ च्या सुमारास कंपनीच्या एका संचालकाने इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या सॅम्युअल ऑलसॉप या ब्रूअरला हॉजसनची बिअर चाखवली आणि अशीच करून दे म्हणाला. ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत बनवला, अशी आख्यायिका आहे. खरी कमाल बर्टनच्या पाण्याची. त्यातल्या जिप्सम या खनिजाने हॉप्सचा कडवटपणा रेंगाळण्याऐवजी स्वच्छ, धारदार लागतो. थोड्याच वर्षांत बर्टनवाल्यांनी हॉजसनचा बाजार खाल्ला. ‘इंडिया पेल एल’ हे नाव छापील जाहिरातींत दिसू लागलं ते १८३० च्या आगेमागे, म्हणजे बिअर येऊ लागल्यावर कितीतरी वर्षांनी.

नंतर बर्फ आला, लागर ही थंडाव्यात मुरवलेली बिअर आली, आणि खुद्द इंग्लंडमध्ये आयपीए पातळ होत गेली. तिला पुन्हा जोर दिला अमेरिकेने. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या कॅस्केड जातीच्या हॉप्सना पपनसाच्या जवळचा वास होता. कॅलिफोर्नियातल्या अँकर आणि सिएरा नेवाडा या ब्रूअरींच्या लिबर्टी एल (१९७५) आणि पेल एल (१९८०) त्यावरच उभ्या राहिल्या. माझ्या मित्राच्या नाकाला जाणवलं ते कॅलिफोर्निया, बर्टन नव्हे.

मुंबईत तोवर वेगळाच इतिहास घडत होता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने शहराला ‘परमिट रूम’ हा शब्द दिला. तो कायदा आजही पुस्तकात आहे. राज्यातली मायक्रोब्रुअरीची, म्हणजे छोट्या बिअर-कारखान्यांची, लाट २००९ मध्ये पुण्यात डूलाली नावाच्या ब्रूअरीपासून सुरू झाली. मुंबईत ती पोचायला आणखी चार-एक वर्षं गेली, आणि आली ती बंद गिरण्यांच्या आवारांतही. हातभट्टी आणि ताडीच्या गिरणगावात साहेबाची बिअर प्यायला आपण दोनशे वर्षांनी बसलो, हे मला तरी गमतीचं वाटतं.

चाखताना एवढं सांभाळा: बर्फगार नको. फार थंड बिअरचा वास दबतो आणि नुसता कडूपणा उरतो. कडूपणा येतो हॉप्स तासभर उकळल्याने, वास येतो आंबवण झाल्यावर न उकळता घातलेल्या हॉप्समधून, आणि हा वासच आधी उडतो. सोबत बोंबील फ्राय असेल तर कडूपणा तेल कापतो. मित्राने दुसरा घोट बोंबलाबरोबर घेतला आणि गप्प बसला.

मुरण्यासाठी सहा महिने बोटीत काढणारी बिअर आता उन्हापासून आणि उकाड्यापासून जपत, ताजी असतानाच प्यावी लागते. म्हणून बाटली घेताना मी आधी भरल्याची तारीख बघतो.