काळ्या बुरशीवरचे औषध आणि पेशीच्या पटलाची नक्कल

2021 च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, तेव्हा मुंबईत ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी’ या इंजेक्शनसाठी रुग्णांच्या नातेवाइकांची वणवण सुरू झाली. त्या नावातील ‘लायपोसोमल’ या शब्दाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. माझ्या मते मात्र औषधाची खरी करामत तिथेच आहे.

प्रत्येक पेशीला जेमतेम 5 नॅनोमीटर जाडीचे पटल असते. त्यातील लिपिड, म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या, रेणूंची डोकी पाण्याकडे वळलेली असतात आणि पाणी टाळणाऱ्या त्यांच्या शेपट्या आत दडतात, त्यामुळे आपोआप दोन थर तयार होतात. बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल असते, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल. ॲम्फोटेरिसिन अर्गोस्टेरॉलला घट्ट धरते आणि बुरशीचे पटल निकामी करते. परंतु हे दोन्ही रेणू इतके सारखे आहेत की हे औषध थोड्या प्रमाणात कोलेस्टेरॉललाही चिकटते, आणि त्याची किंमत विशेषतः मूत्रपिंडांना मोजावी लागते.

यावरचा उपायही पटलाकडूनच मिळाला. 1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बॅंगहॅम यांना असे दिसले, की पाण्यात मिसळलेली लिपिडे स्वतःहून बंद गोलक बनवतात, हेच लायपोसोम. ॲम्फोटेरिसिन स्निग्धप्रिय असल्याने ते गोलकाच्या पोकळीऐवजी त्याच्या भिंतीतच सामावते. रक्तातून फिरताना ते तिथेच बऱ्यापैकी टिकून राहते आणि बुरशी भेटताच अर्गोस्टेरॉलच्या अधिक ओढीने तिच्या पटलात उतरते. मूत्रपिंडांवरचा ताण त्यामुळे कमी होतो आणि डॉक्टरांना अधिक मात्रा देता येते.

मुंबईकरांनी अभिमानाने सांगावे असे काम याच विषयात परळला झाले आहे. केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात तयार झालेल्या लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या रुग्णांवरील चाचण्या केल्या; त्याच्या घडणीत दिल्ली विद्यापीठातील डॉ. बी. के. बच्छावत यांचा मोठा वाटा होता.

लिपिडांचे गोलक मात्र नाजूक असतात. म्हणून 1999 मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी लिपिडांऐवजी दोन टोकांचे गुणधर्म वेगळे असलेली बहुवारिके (पॉलिमर) वापरून पॉलिमरसोम तयार केले. त्यांची भिंत जाड आणि चिवट असते, पाण्याला सहज वाट देत नाही. पण पेशीपटलातील प्रथिने जेमतेम 5 नॅनोमीटरच्या थरासाठी घडलेली असल्यामुळे त्या जाड भिंतीत ती बसवणे अवघड जाते, आणि मजबुतीबरोबर लवचीकताही साधणारी बहुवारिके शोधण्यावर आता संशोधकांचा भर आहे.