मोर्चातला फोटोवाला कुणाचा? सातारा-सांगलीतली थोडी मागची गोष्ट

आपल्याकडं मोर्चात कॅमेरा घेऊन उभं राहिलं की पाच-दहा मिनिटांत कुणीतरी येऊन विचारतंच, "कुठल्या पेपरचे?" पेपरचा नाही म्हटलं की लगेच पुढचं, "मग कुणाकडनं?" आणि कुणाकडनंच नाही, हौस आहे म्हणून काढतोय, हे उत्तर तर कुणालाच पटत नाही, मोर्चावाल्याला नाही, बंदोबस्तावरच्या हवालदाराला नाही आणि हल्ली आपल्याच हौशी फोटोवाल्या दोस्तांना पण नाही. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो, त्याच्या आगंमागं गावोगाव प्रदर्शनं लागतात आणि दरवर्षी "मोर्चाचे फोटो घ्यायचे का नाय" यावरनं आम्हा हौशी फोटोवाल्यांच्यात भांडणं होतात. एकजण म्हणतो राजकारण नको, दुसरा म्हणतो हाच तर आपला जिल्हा आहे. दोघांचं ऐकलं तर वाद फोटोवर नसतोच, तो असतो कुणाकडनं आलास यावर. हा संशय कुठनं आला ते बघायचं तर बरंच मागं जावं लागतंय.

सुरुवात ४२ पासनं करू. त्यावेळी आजचा सांगली जिल्हा नव्हता, तासगाव, वाळवा हे सगळं साताऱ्यात होतं (१९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं सांगली झालं), आणि सांगली गाव पटवर्धनांच्या संस्थानात. ऑगस्ट-सप्टेंबर १९४२ ला कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर असे एकामागनं एक कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे मिळून ९ जण गेले, दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. एवढी मोठी घटना, पण त्या मोर्चांचा चालू क्षणाचा एक फोटो माझ्या बघण्यात आलेला नाही. हुतात्म्यांचे स्टुडिओत काढलेले फोटो दिसतात, स्मारकं आहेत, मोर्चा मात्र फक्त सांगण्यात उरलाय. कारण साधं आहे, युद्धामुळं फिल्म मिळायची मारामार, कॅमेरा असायचा एखाद्या श्रीमंताकडं नायतर स्टुडिओवाल्याकडं, आणि पुढं प्रतिसरकार, म्हणजे नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं समांतर सरकार, सुरू झाल्यावर तर भूमिगत माणसाचा फोटो म्हणजे पोलिसांच्या हातात आयतं कोलीत. म्हणजे मोर्चात फोटो काढणारा माणूस पोलिसांचा असू शकतो ही धास्ती आजची नाही.

त्याच काळातली सेवाग्रामची एक गोष्ट मला फार आवडते. कनू गांधी म्हणजे गांधीजींचे चुलत नातू, त्यांना फोटो काढायला परवानगी मिळाली ती तीन अटींवर, फ्लॅश मारायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम या फोटोंचा खर्च करणार नाही. पहिल्या दोन अटी आजकाल सगळ्या फोटोवर्कशॉपात सांगतात. तिसरी कोण सांगत नाही, आणि माझ्या मते तीच मोठी आहे, कारण रोलचे पैसे कोण देतं यावरच फोटो कसा निघणार हे निम्मं ठरतं.

हे सगळ्यात चांगलं दिसतं १९५७ ला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात, आणि ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू येणार. संयुक्त महाराष्ट्र समितीनं काळ्या झेंड्यांची हाक दिली, माणसं पसरणीच्या घाटात आणि तिकडं पोलादपूरच्या बाजूला जमली. स्वागताला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, आपल्या देवराष्ट्र्याचे, कराडचे, आणि समितीच्या बाजूला क्रांतिसिंह नाना पाटील, जे त्याच वर्षी उत्तर साताऱ्यातनं खासदार झाले होते. ४२ ला हे दोघं एकाच बाजूला होते बरं का! घराघरात तेच, थोरला काँग्रेसचा, धाकटा समितीचा किंवा शेतकरी कामगार पक्षाचा, जेवायला पंगत एकच. आणि फोटो? गडावरचे, पुतळ्यासमोरचे नेहरू आजपण सहज बघायला मिळतात. घाटातले झेंडे शोधावे लागतात. सरकारी फोटोवाले गडावर होते, त्यांना तिथंच पाठवलं होतं, यात त्यांचा काही खोटेपणा नाही. फक्त घाटात पाठवणारं कुणी नव्हतं.

आणीबाणीचं एका वाक्यात सांगतो, जून १९७५ पासनं छापण्याआधी तपासणी आली, त्यामुळं काढलेला फोटो छापून येईलच याचा भरवसा राहिला नाही आणि बऱ्याच निगेटिव्ह नुसत्या पाकिटात पडून राहिल्या.

आता स्टुडिओवाल्यांचा काळ, साधारण ७० ते २००० म्हणा. यावर जरा जास्त लिहितो कारण आजच्या भांडणाची खरी किल्ली इथं आहे. तालुक्याच्या गावात एक-दोन स्टुडिओ, आत पडदा, त्यावर धबधबा नायतर ताजमहाल, मागं डार्करूम. लग्न, मुंज, पासपोर्ट, साखर कारखान्याची सभा, पुढाऱ्याचा वाढदिवस आणि मोर्चा, सगळ्याला हाच माणूस. ३६ चा रोल, त्यातले वीसेक लग्नात गेलेले, उरलेल्या फ्रेम मोर्चावर मारायच्या आणि मगच रोल धुवायला घ्यायचा, म्हणजे निगेटिव्हच्या एकाच पट्टीत हळदीचा नवरदेव आणि पुढच्या खिडकीत कचेरीसमोरचं उपोषण. काम देणारा सांगायचा, "स्टेजवरचे सगळे आले पाहिजेत, आणि मागं गर्दी दिसली पाहिजे." मग हे काका स्टुलावर चढून, हात वर करून, कॅमेरा उलटा धरून फोटो काढणार. आमच्या ओळखीच्या अशाच एका काकांना मी विचारलं होतं की काका तुम्ही दोन्ही पार्ट्यांचे फोटो काढायचा, कुणी काय म्हणायचं नाही का, तर म्हणाले, "आपल्याला काय लेका, पार्टी कुठली का असंना, प्रिंट दिली की पैसं रोख. मांडववाल्याला कोण इचारतं का तू कुणाचा?"

तर हे असं होतं. फोटोवाला मांडववाल्यासारखा, भाड्यानं आलेला, म्हणून त्याच्या मताची कुणाला पडलेली नव्हती. बिचाऱ्याचं मत असणारच की, पण ते त्यानं खिशात ठेवायचं आणि मतदानाच्या दिवशी काढायचं. यात एक तोटा झाला, पैसे देणाऱ्याला स्टेज पाहिजे असायचं त्यामुळं आपल्याकडं त्या काळातले फोटो आहेत ते पुढाऱ्यांचे, हारांचे, माईकचे. खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण उभं केलं, नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ ला आटपाडीत पाणी परिषद सुरू केली, दुष्काळी गावातल्या बायका भाकरी बांधून ट्रकमधनं यायच्या, त्या बायका फोटोत कुठं आहेत? असल्या तर स्टेजच्या मागं, धूसर.

डिजिटल आलं आणि हे गणितच फिरलं. फोटोला खर्च उरला नाही, म्हणून कुणी न बोलावता फोटो काढायला येणारा माणूस तयार झाला, म्हणजे आपण. भाड्याचा फोटोवाला कुणाचा ते माहीत असायचं, हौशी कुणाचाच नाही म्हणून तो सगळ्यांना संशयित. त्यात पोलिसांच्या शूटिंगचं काम पण बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या व्हिडिओवाल्यालाच असतं, वर्दी नाही, खांद्यावर कॅमेरा, मग लोकांनी ओळखायचं कसं? नोव्हेंबर २०१२ ला ऊसदराचं आंदोलन पेटलं, पलूस तालुक्यात वसगड्याला गोळीबारात एक शेतकरी गेला, त्या आठवड्यात रस्त्यावर टायर जळताना कॅमेरा काढणं म्हणजे दोन्हीकडनं शिव्या खाणं होतं. आंदोलकांना भीती की फोटोवरनं गुन्हे दाखल होणार, आणि ती भीती काही हवेतली नव्हती.

मग २०१६. कोपर्डीच्या घटनेनंतर मराठा क्रांती मूक मोर्चे निघाले, सांगलीला २७ सप्टेंबरला, साताऱ्याला ३ ऑक्टोबरला. घोषणा नाहीत, पुढारी मागं, पोरी पुढं, निवेदन पण पोरींनीच द्यायचं. फोटोवाल्यांसाठी हे सगळं उलटंच, कारण स्टेजच नाही! ज्यांनी जन्मात मोर्चा काढला नव्हता, म्हणजे फोटो म्हणतोय मी, ते कासची फुलं आणि कृष्णाकाठचे पक्षी काढणारे सगळे त्यादिवशी रस्त्यावर आले, गच्च्यांवर चढले, ड्रोनचे फोटो घरोघरी पोचले. त्यादिवशी "कुणाकडनं?" हे फारसं ऐकू आलं नाही. पण त्याच फोटोंवरनं पुढं दोन प्रश्न उभे राहिले. एक, लांबनं झूम मारून काढलेले कॉलेजच्या पोरींचे चेहरे, त्यांना न विचारता, कुणाच्याही फ्लेक्सवर गेले. दुसरा, त्यानंतर वेगवेगळ्या समाजांचे, वेगवेगळ्या मागण्यांचे मोर्चे निघाले, तेव्हा तिथं किती हौशी गेले? ज्यांच्या मोर्चाला कमी गेले त्यांनी ते बरोबर लक्षात ठेवलंय, आणि आमच्यातले काही मेंबर हे तोंडावर बोलून दाखवतात. त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही.

यातनंच मग आमच्यात "नो पॉलिटिक्स" आलं, म्हणजे राजकारणाचे फोटो प्रदर्शनात लावायचे नाहीत. नियम ऐकायला गोड, पण लावायचा कसा? शिवजयंतीची रॅली चालते, कारण ती संस्कृती. वारी चालते, मग फ्रेममध्ये मंत्र्यांचे दहा फ्लेक्स असले तरी. २०१९ च्या महापुरातला आयर्विन पुलाखालचा फोटो चालतो, पण त्याच पूरग्रस्तांनी कलेक्टर ऑफिससमोर धरलेलं धरणं चालत नाही. आणि २० ऑगस्टचं काय करायचं? साताऱ्याचे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे डॉ. नरेंद्र दाभोलकर २०१३ ला त्या दिवशी गेले, पुण्यात त्यांचा खून झाला, दर वर्षी त्या तारखेला लोक फलक घेऊन उभे राहतात, आणि तारीख बरोब्बर फोटोग्राफी दिनाच्या दुसऱ्या दिवशी. एकाला तो फोटो श्रद्धांजली वाटतो, दुसऱ्याला राजकारण, तिसऱ्याला धर्मावर टीका. मला विचाराल तर राजकारण नको म्हणणारा पण एक बाजू घेतच असतो, फक्त त्याला ती आपली आहे म्हणून दिसत नाही. पण हे मी म्हटलं की मंडळी चिडतात, असो.

चेहऱ्यांचा मुद्दा बाहेरच्या जगात पण तापला. २०१९ ला हाँगकाँगमध्ये आंदोलक मास्क लावून, छत्र्या धरून कॅमेरे टाळायला लागले, २०२० ला अमेरिकेतल्या आंदोलनात फोटोतले चेहरे धूसर करावेत का यावर फोटोवाल्यांच्यातच जोरदार जुंपली, सिग्नल ॲपनं तर जूनमध्ये चेहरा धूसर करायची सोयच दिली. त्याच वर्षी दिल्लीच्या दंगलीनंतर चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं माणसं शोधल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. पेपरवाले म्हणतात चेहरा पुसला तर पुरावा कसला, तेपण खरंच आहे. आमच्याकडं सध्या एवढंच ठरलंय की स्टेजवरचा, माईकवरचा चेहरा चालेल, गर्दीतला एकट्या माणसाचा मोठा चेहरा लावायचा असेल तर त्याला विचारून.

मतभेदांचं मात्र असं नियमात बसत नाही. मागं एका मोर्चाला आमचे दोघं गेलेले, मत एकमेकाच्या एकदम विरुद्ध, गाडी मात्र एकच. एकानं बॅरिकेडजवळ खाली बसून २०० च्या, म्हणजे लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्सनं काढला, सगळी डोकी एकमेकाला चिकटून आली, रस्ताभर नुसता जनसागर. दुसऱ्यानं गच्चीवरनं वाईड, म्हणजे जास्त रुंद दिसणारी लेन्स लावली, त्यात मागचा निम्मा रस्ता मोकळा आणि बाजूला भेळेचा गाडा. दोन्ही फोटो खरे, दहा मिनिटांच्या अंतरानं काढलेले, आणि दोघं एकमेकाला खोटारडा म्हणत होते. शेवटी प्रदर्शनात दोन्ही शेजारी-शेजारी लावले, खाली फक्त तारीख, चौक, मोर्चा कुणी बोलावला आणि कुठली लेन्स, एवढंच लिहिलं. "प्रचंड", "फसलेला" असलं काही नाही. लोक बराच वेळ थांबून बघत होते, काहीजण वाद घालत होते, एक काका नुसते भेळेच्या गाड्याकडं बघून हसत होते.

प्रदर्शन संपल्यावर मोर्चावाल्यांच्याकडनं निरोप आला की तो गर्दीचा फोटो फ्लेक्सला पाहिजे, दोन दिवसांनी समोरच्या पार्टीकडनं गच्चीवरच्या फोटोची मागणी आली. दोघांनीपण फुकटच मागितला. अजून कुणालाच दिलेला नाही.