कुत्र्या-मांजरांमधील प्रतिजैविकरोधी जीवाणू : पार्श्वभूमी

पाळीव कुत्र्यात किंवा मांजरात औषधांना दाद न देणारे जीवाणू आढळले, की प्राण्यानेच ते घरात आणले असा समज चटकन होतो. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, या जीवाणूच्या बाबतीत मात्र इतिहास बऱ्याच अंशी उलट दिशेने, माणसांकडून प्राण्यांकडे, घडला आहे.

पेनिसिलिन निकामी करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर उपाय म्हणून मेथिसिलिन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये त्यालाही न जुमानणारे जीवाणू सापडले. प्राण्यांमधील पहिली नोंद १९७२ची, बेल्जियममधल्या स्तनदाह झालेल्या गायींची. ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ मध्ये पशुखाद्यातील प्रतिजैविकांबद्दल इशारा दिलेला असल्याने पुढील काळात चिंता गोठ्याची आणि कुक्कुटपालनाची राहिली. घरातल्या प्राण्यांकडे फारसे कोणी पाहिले नाही.

ते लक्ष वेधले एका मांजराने. वृद्ध रुग्णांच्या एका ब्रिटिश कक्षात एमआरएसएचा संसर्ग आटोक्यात येईना, तेव्हा तिथे वावरणाऱ्या मांजराच्या पंजांवर आणि केसांवरही तो आढळला. मांजर हलवल्यावर आणि स्वच्छतेचे नियम कडक केल्यावर साथ थांबली, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र अनेक परिचारिकांच्या अंगीही तेच जीवाणू होते, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत २००३ मध्ये नोंदवलेल्या एका प्रकरणात घरातल्या माणसांचा वारंवार उलटणारा संसर्ग कुत्र्याच्या नाकातले जीवाणू नष्ट केल्यावरच थांबला.

निर्णायक पुरावा जीवाणूंच्या वंशावळीतून मिळाला : ब्रिटनमधील कुत्र्या-मांजरांत प्रामुख्याने आढळलेला प्रकार तिथल्या रुग्णालयांत माजलेला ईएमआरएसए-१५ हाच होता. एसटी२२ नावाच्या याच वंशाचा वाढता आढळ २०१० मध्ये मुंबईतील रुग्णांच्या नमुन्यांतही नोंदला गेला.

कुत्र्यांच्या त्वचेवर मुळातच राहणाऱ्या स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियसची कथा वेगळी आहे. मेथिसिलिनला निष्प्रभ करणारे मेक-ए जनुक त्यानेही मिळवले आणि २००६ नंतर त्याचे मोजके वंश युरोप व उत्तर अमेरिकेत झपाट्याने पसरले. माणसाला त्याची बाधा क्वचितच होते, परंतु पशुवैद्यकांपुढे कित्येकदा एकही नेहमीचे औषध शिल्लक राहत नाही.

कायद्याची नजर अजूनही मुख्यतः अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर आहे. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या प्रतिजैविकावर घातलेली बंदी अशा प्राण्यांपुरती, कुक्कुटपालन, मत्स्यशेती आणि पशुखाद्यापुरती आहे.