नांगर-रहाट, विद्युत्‌चलित

शिडाच्या नौकेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवलेले, बॅटरीवर चालणाऱ्या मोटरने नांगराची साखळी ओढून घेणारे यंत्र. व्यवहारात त्याला विंडलासच म्हणतात. ‘रहाट’ हा शब्द विहिरीवरील रहाटाशी असलेल्या साम्यामुळे येथे स्वीकारला आहे.

शेताचा आणि जहाजाचा नांगर मराठीत एकाच शब्दाने सांगितला जातो. एका मताप्रमाणे संस्कृत ‘लाङ्गल’ हेच दोहोंचे मूळ असून जमिनीत रुतणाऱ्या फाळावरून जहाजी अर्थ निघाला. दुसऱ्या मताप्रमाणे तो अर्थ फारसी ‘लंगर’मधून आला आणि उच्चारसाम्यामुळे जुन्या शब्दात मिसळला. बडोद्याच्या मराठी वाचकाला दुसरे मत अधिक जवळचे वाटावे, कारण भोवतालच्या गुजरातीत शेतीचे अवजार ते ‘हळ’, तर वहाण मात्र ‘लांगरतात’ किंवा ‘नांगरतात’. फारसी शब्दाचे मूळही भारतीय असू शकेल हे मान्य केल्यास दोन्ही मतांत फारसे अंतर उरत नाही.

काटेकोर अर्थाने आडव्या आसाचा तो विंडलास आणि उभ्या आसाचा तो कॅपस्टन. लहान नौकांच्या बाबतीत हा भेद बहुधा पाळला जात नाही. उभ्या रचनेत साखळी तिला ओढणाऱ्या खाचदार चक्राला सुमारे १८० अंश वेढा घेते, म्हणून ती निसटण्याचा संभव कमी असतो. मात्र मोटर डेकखालच्या दमट साखळीकप्प्यात राहते. आडव्या रचनेत वेढा सुमारे ९० अंशांचाच असतो, पण सर्व यंत्रणा डेकवर असल्याने बसवणी सोपी जाते. दोन्हींत डेकखाली भक्कम आधारफळी लागते. चक्राच्या खाचा साखळीच्या कड्यांशी तंतोतंत जुळाव्या लागतात: १० मिमी साखळीतही कड्याची आतील लांबी एका मानकात २८ मिमी, तर दुसऱ्यात ३० मिमी असते.

विजेचा प्रश्न मुख्यतः तारेचा आहे. १२ व्होल्टच्या यंत्रणेत सुमारे १,००० वॅटची मोटर भाराखाली १०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेऊ शकते. बॅटरीपासून नाळेपर्यंत १२ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर तांब्याची तार ३५ चौ. मिमी छेदाची घेतली, तरी या प्रवाहाला सुमारे १·२ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के, वाटेतच खर्ची पडतात. बारीक तारेत मोटर मंदावते आणि तापते. यावर नाळेपाशी वेगळी बॅटरी ठेवण्याचा उपाय सुचवला जातो, परंतु टोकाशी वाढलेले वजन आणि ती भारित ठेवण्याची स्वतंत्र सोय पाहता जाड तार टाकणेच बहुधा श्रेयस्कर ठरते. सर्किट ब्रेकर बॅटरीजवळ असावा. साखळी सोडण्या-ओढण्याची कळ कमी प्रवाहाची असते व ती रिलेमार्फत, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमार्फत, मोटर चालवते. नांगर उचलताना इंजिन चालू ठेवतात: अल्टरनेटरचा (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्राचा) हातभार लागतो आणि नौका इंजिनाने पुढे सरकते, रहाटाने नव्हे. नांगरलेल्या नौकेचा ताणही रहाटावर न ठेवता साखळीला अडकवलेल्या नायलॉनच्या दोरावर घेतात.

रहाटाची ओढशक्ती साखळी व नांगर यांच्या एकूण वजनाच्या तिप्पट धरण्याचा संकेत आहे. ८ मिमी साखळी मीटरला सुमारे १·४ किलो भरते. ५० मीटर साखळी व १५ किलोचा नांगर मिळून ८५ किलो, म्हणजे ओढ सुमारे २५५ किलोंची. साखळीची लांबी मात्र भरतीच्या पाण्यावरून ठरवावी लागते. बडोद्याला जवळच्या खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक १० मीटरांपर्यंत जातो. तेथे ओहोटीला ५ मीटर असलेले पाणी भरतीला १५ मीटर होते आणि खोलीच्या पाचपट साखळी म्हणजे ७५ मीटर सोडावी लागते.